सोयाबीनचा तांबेरा आणि माझा एच-इंडेक्स

काल रात्री साडेअकराला तुझा फोन वाजला तेव्हा मला वाटलं घरी काही झालं. आवाजही तसाच, बसलेला. आणि मग तू म्हणालीस, "ताई, माझा एच-इंडेक्स दोनच आहे गं." हसू नको म्हणालीस म्हणून हसले नाही. पण फोन ठेवल्यावर बराच वेळ जागी होते. असाच फोन मलाही एके काळी करायचा होता आणि करायला कुणी नव्हतं.

फोनवर मी नुसतं "होईल गं" म्हणून वेळ मारून नेली. ते मला रात्रभर टोचत राहिलं, म्हणून आज नीट लिहितेय. चहा घेऊन बस, थोडं लांबेल.

आधी तो दोन म्हणजे काय ते बघू, कारण तू तो रक्तदाबाच्या आकड्यासारखा सांगितलास. तुझे पेपर चार. सायटेशन ३१, ६, १ आणि ०. किमान दोन सायटेशन असलेले पेपर दोन, म्हणून एच दोन. तीन व्हायचा तर किमान तीन-तीन सायटेशनचे तीन पेपर लागतात आणि तुझ्या तिसऱ्याला आहे एकच. म्हणजे उद्या दोन अनोळखी माणसांनी त्या तिसऱ्या पेपरचा कुठेतरी उल्लेख केला की तुझा एच एकदम दीडपट! आणि त्या ३१ च्या जागी ३१०० असते तरी तो दोनच राहिला असता. इतका आडमुठा आकडा आहे हा. हॉर्हे हिर्श नावाच्या कॅलिफोर्नियातल्या पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकानं तो २००५ मध्ये मांडला. एकच पेपर गाजलेला माणूस आणि वर्षानुवर्षं नेटानं काम करणारा माणूस वेगळे ओळखता यावेत, एवढाच त्याचा विचार. हेतू काही वाईट नव्हता. पण या आकड्याची खोड अशी, की तो कधी खाली येत नाही. माणूस काम सोडून झोपला तरी वाढतच राहतो. त्यामुळे तुझा एच आणि तुझ्या गाइडचा एच शेजारी ठेवणं म्हणजे काल घातलेल्या लोणच्याला मुरलेल्या बरणीशेजारी ठेवून नाक मुरडणं.

पण तुझं दुखणं गाइडचा एच नाही, शेजारच्या लॅबमधला तो मुलगा आहे. त्याचा नऊ. आणि तो तुझ्या नंतर एका वर्षानं आला.

अगं, तो चित्रं ओळखणारी न्यूरल नेटवर्कं करतो आणि तू ग्राफ अल्गोरिदमच्या खालच्या मर्यादा सिद्ध करतेस. तो लक्ष्मी रोडवर गणपतीच्या आदल्या दिवशी दुकान लावून बसलाय आणि तू आतल्या गल्लीत दुर्बिणी दुरुस्त करतेस. गिऱ्हाइकं मोजून कोण चांगला कारागीर ते कसं ठरणार? २०१७ चा 'अटेन्शन इज ऑल यू नीड' घे. आठ जणांचा पेपर. आज ज्या चॅट करणाऱ्या यंत्रांच्या गप्पा आपली आईसुद्धा मारते, ती सगळी त्यातल्या ट्रान्सफॉर्मरवर उभी. सायटेशन लाखाच्या कितीतरी पुढे गेले. त्या आठांतली निकी परमार आपल्या पुण्याच्या पीआयसीटीत शिकलेली, हे मी माझ्या वर्गात दरवर्षी सांगते आणि दरवर्षी मागच्या बाकावरच्या दोन मुली तेवढ्यापुरत्या फोन खाली ठेवतात.

आता दुसरं टोक. सुभाष खोत, इचलकरंजीचा. आयआयटी मुंबईहून प्रिन्स्टनला गेला आणि विद्यार्थी असतानाच, २००२ मध्ये, त्यानं युनिक गेम्स कंजेक्चर मांडलं. मांडलं म्हणजे सिद्ध केलं असं नाही. ते अजून कुणीच सिद्ध केलेलं नाही आणि खोडूनही काढलेलं नाही. पण ते खरं धरलं तर कितीतरी प्रश्नांची जवळपासची उत्तरं काढणंसुद्धा एका हद्दीपलीकडे अवघड आहे, हे एका झटक्यात कळतं. जाणत्या मंडळींची अर्धी कारकीर्द त्या एका अटकळीभोवती फिरली. २०१४ मध्ये सोलला गणितज्ञांच्या जागतिक परिषदेत त्याला नेव्हानलिन्ना पारितोषिक मिळालं. आता त्या पेपरचे सायटेशन ट्रान्सफॉर्मरच्या शेजारी ठेवलेस तर चिमूटभर दिसतील. ते वाचू शकणारी माणसंच जगात किती? एखाद्या सभागृहात मावतील. त्या सभागृहातल्या सगळ्यांनी वाचलं, तर अजून काय पाहिजे?

लेखकांच्या नावांचाही असाच घोळ. आपल्या थिअरीत नावं इंग्रजी अकारविल्हे लागतात. २००२ मध्ये आयआयटी कानपूरच्या तिघांनी एखादी संख्या मूळ आहे की नाही हे झटपट तपासायची पद्धत दिली, तो पेपर अग्रवाल, कयाल, सक्सेना असा. कयाल आणि सक्सेना तेव्हा नुकतेच बीटेक झालेले. नावांच्या क्रमावरून कुणी किती काम केलं ते कळतच नाही, आणि कळू नये म्हणूनच तो क्रम. याउलट शेजारच्या लॅबमध्ये पहिलं नाव राबणाऱ्याचं, शेवटचं गाइडचं, मधली गर्दी. ट्रान्सफॉर्मरवाल्यांनी तर तळटीपच दिली की योगदान सारखं, क्रम रँडम. आपलं आडनाव इंग्रजीत व्हीवरून. तू जन्मभर शेवटून पहिली राहणार आहेस. एका मुलाखतीत मला पॅनेलमधल्या सरांनी विचारलं होतं, "मॅडम, तुम्ही कायम शेवटी कशा? स्वतः काम करता ना?" मी त्यांना मुळाक्षरं समजावून सांगितली. नोकरी नाही मिळाली. तू मात्र सीव्हीत सगळ्यात वर एक ओळ टाक, की या शाखेत नावं अकारविल्हे असतात. मला ते सुचायला सहा वर्षं लागली.

आणि त्याखाली दुसरी ओळ, कॉन्फरन्सबद्दल. बाकीच्या शास्त्रांत कॉन्फरन्स म्हणजे भेटीगाठी, खरं काम जर्नलात. आपल्या कॉम्प्युटर सायन्समध्ये उलटं. एनपी-कम्प्लीट ही कल्पना जगापुढे आली ती स्टीफन कुकच्या १९७१ च्या एका कॉन्फरन्स पेपरातून, स्टॉक नावाच्या कॉन्फरन्समध्ये. खोतचा पेपरही स्टॉकचाच. पण आपल्याकडचे फॉर्म छापणाऱ्याला हे कोण सांगणार? तिथे रकाना असतो, 'जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर'. कॉन्फरन्सला तो नसतोच. मग तिथे डॅश टाकायचा, आणि तो डॅश शून्य म्हणून वाचला जातो.

कुकचं नाव निघालंच तर एक सांगते. १९७० मध्ये बर्कलीच्या गणित विभागानं त्याला कायम करायला नकार दिला. तो उठून टोरांटोला गेला, पुढच्या वर्षी तो पेपर आला आणि १९८२ मध्ये ट्युरिंग पुरस्कार. तेव्हा एच-इंडेक्स नव्हता. म्हणजे मोजपट्टी नव्हती तेव्हाही माणसं चुकतच होती. मला हे आठवलं की उगाच बरं वाटतं.

रिजेक्ट झालेल्या त्या चौथ्या पेपरबद्दल तू काल दोनदा बोललीस, म्हणून त्याबद्दलही. २०१४ मध्ये न्यूरिप्स कॉन्फरन्सवाल्यांनी, तेव्हा तिला निप्स म्हणायचे, एक धाडस केलं. आलेल्या १,६७८ पेपरांपैकी १६६ पेपर दोन वेगवेगळ्या समित्यांकडे पाठवले, एकीला दुसरीचं कळू न देता. साधारण चौथ्या हिश्शावर दोघींचे निकाल उलटे आले. एका समितीनं घेतलेल्या पेपरांपैकी निम्म्याहून जास्त दुसरीनं नाकारले होते. हा प्रयोग चालवणारे कोरिना कोर्तेस आणि नील लॉरेन्स सात वर्षांनी परत त्याच पेपरांकडे गेले, तेव्हा स्वीकारलेल्या पेपरांच्या बाबतीत रिव्ह्यूअरनी दिलेले गुण आणि पुढे मिळालेले सायटेशन यांचा काही संबंधच दिसेना. वर्ड-टू-व्हेक सगळ्यांना तोंडपाठ आहे ना? त्याचा पहिला पेपर २०१३ मध्ये आयसीएलआर कॉन्फरन्सच्या मुख्य कार्यक्रमात घेतला नव्हता. टिम बर्नर्स-ली वर्ल्ड वाइड वेबचा पेपर घेऊन १९९१ च्या हायपरटेक्स्ट कॉन्फरन्सला गेला, तर पेपर नको, डेमो दाखवा म्हणाले.

आता यावरून असा अर्थ काढू नकोस की रिजेक्ट झाला म्हणजे पेपर थोर. माझे बहुतेक रिजेक्ट झालेले पेपर रिजेक्ट व्हायच्याच लायकीचे होते, हे मी आता शांतपणे सांगू शकते. तुझा तो चौथा मी वाचलाय. सिद्धता चांगली आहे, प्रस्तावना कंटाळवाणी. रिव्ह्यूअर क्रमांक दोन उर्मट आहे, पण त्याचा तिसरा मुद्दा बरोबर आहे. तीन दिवस तो मेल उघडू नको, मग उघड.

आता माझी लाजिरवाणी गोष्ट. घरी कुणालाच माहीत नाही.

मी गूगल स्कॉलरवर प्रोफाइल काढलं तेव्हा त्यानं एक लांब यादी दाखवून विचारलं, हे पेपर तुमचेच ना? आपलं आडनाव महाराष्ट्रात ढिगानं, त्यात मी पेपरवर नुसती आद्याक्षरं लिहायची. मी भराभर टिकमार्क करत गेले. आठवड्यानं लक्षात आलं, की त्यात सोयाबीनवरच्या तांबेरा रोगाचा एक पेपर शिरलाय. कुण्या कृषी संशोधकाचा असणार, तीच आद्याक्षरं, तेच आडनाव. सायटेशन ५८! माझ्या स्वतःच्या सगळ्यात चांगल्या पेपरला तेव्हा १९ होते. तो पेपर काढायला दोन क्लिक पुरतात. मी काढला नाही. आज काढते, उद्या काढते म्हणत तीन महिने गेले, कारण तेवढ्यात प्रमोशनचा फॉर्म भरायचा होता आणि एकूण बेरीज बरी दिसत होती. मग एक दिवस समितीतल्या एका वयस्कर बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे बघत विचारलं, "तुम्ही शेतीतही काम करता का हो?" आणि मी, तुझी सत्यवचनी ताई, म्हणाले, "हो, थोडं इंटरडिसिप्लिनरी." कान गरम झाले होते गं. त्या काही बोलल्या नाहीत. त्यांनी नुसती पेन्सिलीनं एक छोटी खूण केली. घरी येऊन चप्पल न काढताच मी तो तांबेरा काढून टाकला.

म्हणून सांगते, नावाची निगा राख. आपल्याकडे नाव तीन तुकड्यांचं. स्वतःचं, वडिलांचं, आडनाव. लग्नानंतर त्यातले दोन बदलायची पद्धत, आणि काही घरांत तिसरंही बदलायची हौस. डेटाबेसच्या दृष्टीनं तू मग एकाच जन्मात दोन बायका होतेस आणि दोघींचे सायटेशन वेगळे. लग्न कर, नको करू, आडनाव बदल, नको बदलू, पेपरवरचं नाव मात्र आजपासून एकच आणि पूर्ण. ऑर्किड नावाचा संशोधकांचा सोळा आकडी ओळख-नंबर काढून ठेव, फुकट असतो. जर्मनीतल्या ट्रीयर विद्यापीठात १९९३ मध्ये सुरू झालेली डीबीएलपीची यादी अधूनमधून बघत जा. एकाच नावाची बरीच माणसं असली तर ते नावापुढे ०००१, ०००२ असे नंबर लावतात आणि चूक कळवली तर दुरुस्त करतात. आणि गूगल स्कॉलर, स्कोपस, डीबीएलपी या तिघांच्या संख्या जुळत नाहीत म्हणून घाबरू नको. गूगल स्कॉलर प्रबंध, प्रीप्रिंट, कुठल्याशा वेबसाइटवर पडलेली पीडीएफ, सगळं मोजतो. स्कोपस निवडक ठिकाणचंच मोजतो. डीबीएलपी सायटेशनच्या भानगडीत फारसं न पडता पेपरांची चोख नोंद ठेवतो. फॉर्मवर आकडा लिहिताना कुठला आणि कोणत्या तारखेचा ते लिही, एवढंच.

माझा तांबेरा चुकून शिरला होता. मुद्दाम शिरवणारेही आहेत. २०१० मध्ये फ्रान्समध्ये, ग्रेनोबलच्या सिरिल लाबे यांनी एक संशोधक जन्माला घातला, आइक अंतकरे. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं कोकणातलाच कुणी, अंतरकर-टाकळकरांच्या भावकीतला! तर तो माणूस अस्तित्वातच नव्हता. नाव इंग्रजीत जोरात म्हणून बघ, "मला पर्वा करता येत नाही" असं ऐकू येईल. एमआयटीच्या पोरांनी २००५ मध्ये केलेल्या सायजेन नावाच्या प्रोग्रॅमकडून शंभरेक निरर्थक पेपर लिहवून घेतले, प्रत्येकानं बाकीच्यांचा उल्लेख करायचा, झालं. गूगल स्कॉलरच्या हिशेबानं अंतकरेंचा एच-इंडेक्स ९४, आइन्स्टाइनच्या पुढे. आणि हे नुसतं थट्टेवारी गेलं असतं तर ठीक होतं. पण २०१४ मध्ये याच लाबेंनी दाखवून दिल्यावर दोन मोठ्या प्रकाशकांना तसले १२० च्या वर बनावट पेपर आपल्या संग्रहातून मागे घ्यावे लागले. ते कुणीतरी खऱ्या नावानं छापले होते, आणि कुणीतरी रिव्ह्यू केल्याचंही म्हटलं होतं.

तुला असं काही करायचा मोह होणार नाही, हे मला माहीत आहे. मोह लहान रूपात येतो. 'सात दिवसांत प्रकाशन' असा मेल येतो, खाली पैशांचा आकडा. लॅबमधला कुणीतरी म्हणतो, तू माझे दोन साइट कर, मी तुझे करतो. मला एका जर्नलच्या रिव्ह्यूअरनं लिहिलं होतं की पुढील पाच पेपरांचा उल्लेख आवश्यक. पाचही एकाच माणसाचे, तीन तर विषयाच्या बाहेरचे. मी दोन विषयातले घातले, आणि घाबरून तिसराही घातला. तो तिसरा अजून त्या पेपरात बसलाय, [२३] म्हणून. तुझ्यावर अशी वेळ आली तर संपादकाला वेगळा मेल कर, सभ्य भाषेत, फक्त कोणता उल्लेख का लागू होत नाही ते लिहून. मी तेवढंही केलं नाही.

बरं, या सगळ्याच्या बरोबर उलटी एक चूक आहे, ती तू करतेस. तुझ्या दुसऱ्या पेपरात तू पहिल्या पेपरचं तंत्र वापरलंस आणि संदर्भात स्वतःचा पेपर दिलाच नाहीस! विचारलं तर म्हणालीस, "बरं दिसत नाही." कुणाला बरं दिसत नाही? २०१७ मध्ये मॉली किंग आणि सहकाऱ्यांनी १७७९ पासूनचे पंधरा लाखांवर लेख तपासले होते. पुरुष स्वतःच्याच कामाचा उल्लेख बायकांपेक्षा ५६ टक्के जास्त करतात, असं निघालं. फुगवून करू नकोस, पण जिथे स्वतःच्या खांद्यावर उभी आहेस तिथे खांदा कुणाचा ते सांग. वाचणाऱ्याची सोय म्हणून तरी.

आणि आता मी गेल्या दिवाळीच्या सुट्टीत काय केलं ते. माझ्या एका पेपरला ४१ सायटेशन आहेत. फराळाचं ताट शेजारी घेऊन मी ते ४१ च्या ४१ उघडून बघितले, माझ्याबद्दल नक्की काय म्हटलंय ते. बहुतेकांनी 'या विषयावर बरंच काम झालं आहे [९–१७]' अशा चौकटी कंसात मला एसटीच्या मागच्या बाकावर बसवल्यासारखं बसवलं होतं. दोघांनी निष्कर्ष चक्क उलटा सांगितला होता. एकानं माझ्या आडनावाचं स्पेलिंग असं केलं होतं, की मला बंगाली करून टाकलं. हे सगळे बेरजेत एकेक. आणि चौतिसाव्यात, ब्राझीलमधल्या कुण्या विद्यार्थ्याच्या प्रबंधात, चार पानं माझ्या एका लेमावर होती. त्यात एक अट मी उगाच जास्त कडक घातली होती, ती त्यानं सैल करून दाखवली आणि पुढे स्वतःचं प्रमेय उभं केलं. तोही बेरजेत एकच. करंजी हातात तशीच राहिली. माझं काम कुणीतरी घरी नेऊन, उसवून, बेतून, परत शिवून वापरलं होतं.

मी त्याला मेल लिहिला. आता आम्ही एकत्र एक पेपर लिहितोय. कुठे जाईल, जाईल की नाही, कुणास ठाऊक.

हे लिहायच्या आधी सकाळी मी तुझी यादी उघडली होती. ३१ वाला राहू दे, तो पाच जणांचा आहे आणि गाइडच्या नावावर वाचला जातो. तुझा एकटीचा तो सहा सायटेशनवाला. सहाही वाचले. चार गर्दीतले. पाचवा तुझ्या गाइडच्याच जुन्या विद्यार्थ्याचा. सहावा मे महिन्यात आर्काइव्हवर आलाय, भाग ४ बघ. तुझी वजनं वाटायची युक्ती त्यांनी दिशा असलेल्या ग्राफवर नेलीय आणि एका ठिकाणी अडकलेत, तसं लिहिलंयसुद्धा, पान अकरा, तळाशी. मला वाटतं ते जिथे अडकलेत तिथलं तुला माहीत आहे. तू ते मला गणपतीत, मोदक वळताना सांगितलं होतंस, आणि मी म्हटलं होतं आधी पाकळ्या नीट काढ.

त्यांचा मेल पत्ता पहिल्याच पानावर आहे.